ट्रॉलीचे टायर उभ्या उभ्या खराब होतात, सात महिने काय करायचं?

भीमाकाठ
१८ मार्च, रात्री ९:४२

नमस्कार मंडळी. आमचं गाव पंढरपूर तालुक्यात नदीकाठी. घरी एक ट्रॅक्टर आणि ऊस वाहतुकीच्या दोन ट्रॉल्या आहेत, दोन्ही चारचाकी, म्हणजे नुसत्या ट्रॉल्यांचे आठ टायर, साइज ९.००-१६. परवा शेवटची खेप कारखान्यावर खाली केली आणि ट्रॉल्या वस्तीवर आणून लावल्या. आता पुढचा हंगाम सुरू होईपर्यंत, म्हणजे ऑक्टोबर-नोव्हेंबरपर्यंत, त्या जागच्या हलणार नाहीत. मधे कधी शेणखत टाकायला एखादी काढली तर काढली.

विचारायचं कारण असं की गेल्या हंगामात पहिल्याच आठवड्यात दोन टायर गेले. नक्षी अजून निम्मी शिल्लक होती, पण बाजूला बारीक बारीक चिरा पडल्या होत्या, त्या मी मनावर घेतल्या नाहीत. दोन्ही ट्रॉल्यांत मिळून अठरा-वीस टन ऊस, रात्री अकराची वेळ, आणि मागच्या ट्रॉलीचा डावा टायर बॉम्बसारखा फुटला. ट्रॉली कलली पण पलटी झाली नाही ही पांडुरंगाची कृपा. मागून मोटरसायकलवर नवराबायको आणि लहान पोर येत होतं, पाचपन्नास फुटांवर. ते डोळ्यासमोरून अजून जात नाही.

पंक्चरवाला म्हणाला टायर चालून नाही गेला, उभा राहून गेला. तेव्हापासून डोक्यात हेच आहे. तर प्रश्न असे की ट्रॉली जॅकवर उचलून ठेवायची का, हवा सोडायची का फुल ठेवायची, आणि वरून काही झाकायचं का? आठ टायरचे लाखाच्या वर जातात, दरवर्षी कुठून आणायचे.

---

डोंगरकडा
१८ मार्च, रात्री १०:०५

हवा सोडून द्यायची सरळ. टायरला आराम मिळतो. आमच्याकडे सगळे असंच करतात.

---

पंक्चरविरहित
१८ मार्च, रात्री १०:३१

@डोंगरकडा, दादा असं करू नका. ट्रॉली जमिनीवर उभी असताना हवा सोडली की रिकाम्या ट्रॉलीचं दोन टनाचं वजन टायरच्या दुमडलेल्या बाजूवर येतं. रिम आणि जमीन यांच्यामधे टायर चेपून जातो, आत ट्यूबला घडी पडते, फ्लॅप (ट्यूब आणि रिम यांच्यामधली रबरी पट्टी) सरकतो. सात महिन्यांनी हवा भरली की ट्यूब त्याच घडीवर जाते. माझं टायरचं दुकान आहे, नोव्हेंबरात रोज अशा चारदोन ट्यूबा येतात, घडीवर सुरीने कापल्यासारखी रेघ असते.

ट्रॉली जमिनीवरच ठेवणार असाल तर हवा फुल पाहिजे, टायरच्या बाजूवर जेवढी लिहिलीय तेवढी. आणि महिन्यातून एकदा गेज लावून बघायची, कारण चांगल्या ट्यूबमधूनही महिन्याला एक-दोन पीएसआय (हवेच्या दाबाचं माप) कमी होतंच. गेज सकाळी लावा, उन्हात तापलेल्या टायरचा आकडा फसवतो.

---

अप्पा_माळशिरस
१९ मार्च, सकाळी ६:१५

मी तीस वर्षं ट्रॉल्या पाळल्यात. हंगाम संपला की हवा सोडायची अन् दिवाळीला भरायची. माझा एक टायर असा फुटला न्हाई. आता नवीन पोरं गेज लावत बसत्यात.

---

रबरनामा
१९ मार्च, सकाळी ११:२०

मी निवृत्त आहे, नोकरी सगळी टायरच्या रबराचं मिश्रण करण्यात गेली. त्यामुळे हा धागा बघून राहवलं नाही, जरा लांबण लागेल.

टायर काळा असतो तो त्यातल्या कार्बन ब्लॅकमुळे. ऊन ते स्वतःवर घेतं म्हणून रबर वाचतं. पण टायरचा खरा वैरी उन्हापेक्षाही ओझोन. हवेत तो कायम थोडा असतोच, आणि ताणलेल्या रबराला तो तोडतो. "ताणलेल्या" हा शब्द लक्षात ठेवा. सैल पडलेल्या रबराला ओझोन फारसं काही करत नाही, ताणलेल्या रबराला मात्र ताणाच्या आडव्या दिशेने चिरा पाडतो. उभ्या ट्रॉलीचा टायर खाली जिथे फुगलेला दिसतो ना, तिथे बाजूचं रबर सतत ताणात असतं. चिरा तिथूनच सुरू होतात.

यावर उपाय म्हणून आम्ही रबरात मेण आणि ओझोनला अडवणारं रसायन घालतो. टायर चालतो, वळतो, दबतो, तेव्हा ते आतून हळूहळू वर येत राहतं आणि टायरवर एक पातळ थर धरतं. भाकरीला तूप लावल्यासारखं समजा, फक्त तूप आतून येतं. टायर उभा राहिला की ही हालचाल थांबते. वरचा थर उडून जातो आणि नवीन येत नाही. तुमचा पंक्चरवाला जे म्हणाला ते शंभर टक्के खरं आहे, चालणारा टायर झिजतो पण उभा टायर मरतो.

आणि एक, खूप लोकांना टायर तपकिरी पडला की वाटतं घाण बसली, मग तारेचा ब्रश घेऊन घासतात. ती घाण नाही. तेच रसायन वर आलेलं असतं. ते घासून काढू नका हो.

---

भीमाकाठ
१९ मार्च, दुपारी १:०२

@रबरनामा काका, मी गेल्या वर्षी मार्चमधे हेच केलं होतं! दोन्ही ट्रॉल्या सर्व्हिसिंगला नेऊन टायर ब्रशने घासून चकचकीत केले, वर जळकं ऑइल मारलं काळेभोर दिसायला. आता वाचून पोटात गोळा आला.

---

रबरनामा
१९ मार्च, दुपारी १:४०

ऑइल तर अजिबात नको. ट्रॉलीच्या टायरमधे नैसर्गिक रबर भरपूर असतं आणि ते तेल पितं, फुगतं, मऊ पडतं. खनिज तेल असलेली पॉलिशही नको. धुवायचं तर साधं पाणी, थोडा साबण, मऊ कुंचा. बास.

---

रानवारा
१९ मार्च, दुपारी ३:१८

ऑइलचं मी करून बघितलंय, म्हणजे माझ्या मुलाने. जुन्या सायकलच्या ट्यूबची एक पट्टी कापली, दोन तुकडे सारखे केले, एक वाटीत डिझेलमधे टाकला आणि एक तसाच ठेवला. दुसऱ्या दिवशी शेजारी शेजारी ठेवले तर डिझेलमधला तुकडा बोटभर रुंद झालेला आणि नखाने दाबला तर चीजसारखा तुटत होता. शाळेच्या प्रदर्शनात ठेवला आणि बक्षीस मिळालं. आमच्या ह्यांनी त्या दिवसापासून टायरजवळ ऑइलचा डबा नेला नाही.

बाकी आमच्याकडे ट्रॉली सिमेंटच्या कोब्यावर असते, त्याबद्दल काय? की माती बरी?

---

पंक्चरविरहित
१९ मार्च, संध्या. ५:५०

@रानवारा ताई, कोबा चालतो, पण मधे फळी किंवा जुना कन्व्हेयर बेल्टचा तुकडा टाका. फळी टायरच्या बुडापेक्षा चारी बाजूंनी मोठी पाहिजे. टायर अर्धा फळीवर अर्धा बाहेर असा ठेवला तर कडेवर वजन येऊन आतला धागा तिथेच मोडतो. त्यापेक्षा नसलेली बरी.

काळ्या मातीचं मात्र वाईट. पावसाळ्यात चाक वीतभर रुततं, मग चार महिने टायर चिखलात. टायरचं त्यात फार बिघडत नाही पण पाणी रिमच्या कडेने आत शिरतं, रिमला गंज धरतो, तो गंज पापुद्रे होऊन फ्लॅप आणि ट्यूब खातो. रिम खोलला की आतून चहाच्या चोथ्यासारखा लाल भुगा पडतो. ज्या ट्रॉलीने युरिया वाहिला असेल तिची तर विचारूच नका. त्यामुळे ट्रॉली लावायच्या आधी रिमसुद्धा धुवून, घासून, रंगाचा एक हात मारून ठेवा.

---

मराठवाडी_गडी
१९ मार्च, रात्री ८:२५

आमच्या भागातून हजारो कुटुंबं ऊसतोडीला जातात. त्यांच्या टायरगाड्या बघा, बैलांच्या. कारखान्याच्या गाड्या असतात त्या हंगाम संपला की आवारात एकीला एक लावून ठेवतात, पार दिवाळीपर्यंत उन्हापावसात. मग टोळी आली की जी हाती लागेल ती गाडी. माझ्या चुलत्याला असाच चिरलेला टायर आला, रस्त्यात बसला, दोन बैल आणि दोन टन ऊस भर दुपारी उभा. दिवसाची मजुरी गेली ती गेली आणि टायर बदलल्याचे पैसेही उचलीतून कापले. ट्रॉलीवाल्याकडे निदान ट्रॅक्टर तरी असतो. गाडीवानाचा टायर कुणी सांभाळायचा याचाही विचार व्हावा एवढंच.

---

भीमाकाठ
१९ मार्च, रात्री ९:१०

@मराठवाडी_गडी भाऊ, एकदम रास्त. आणि गाडीला तर सोपं आहे, आसाखाली एक मोठा दगड आणि चाकं अधांतरी. आवारात ठेवतानाच केलं तर कुणाचं काय जातंय.

---

मिनेसोटाचा_मावळा
१९ मार्च, रात्री १०:५५

इकडे अमेरिकेत माझी होडीची ट्रेलर आहे, लहानशी, दोन चाकांची. तलाव गोठले की नोव्हेंबर ते एप्रिल ती गॅरेजमागे पडून. तुमचं उन्हाळ्याचं दुखणं, माझं थंडीचं, पण औषध एकच आहे. मी अ‍ॅक्सलखाली दोन स्टँड लावतो, चाकं जमिनीपासून बोटभर वर, टायरवर पांढऱ्या कापडाच्या टोप्या.

थंडीत हवेचा आकडा पडतो, साडेपाच अंशाला साधारण एक पीएसआय. म्हणजे २५ अंशाला भरलेली हवा उणे २५ ला दहाएक पीएसआयने कमी. पहिल्या वर्षी ट्रेलर जमिनीवर ठेवली, हवा बघितली नाही, एप्रिलमधे टायर खाली चपटा झालेला. हायवेवर निघालो तर धडधड धडधड, बायको म्हणाली चाक निघालंय. काही मैलांनी गरम होऊन एक टायर गोल झाला, दुसरा झालाच नाही, टाकून दिला.

---

रबरनामा
२० मार्च, सकाळी १०:०८

बरोबर. ट्रॉलीच्या टायरमधे नायलॉनचा धागा असतो. नायलॉन गरम असताना जो आकार धरतं तो थंड झाल्यावर तसाच राहतो. खेप करून आलेली तापलेली ट्रॉली लावली की पहिल्या रात्रीच थोडा चपटेपणा येतो, तो सकाळी दोनचार किलोमीटरमधे जातो. पण सोलापूरकडचं चाळीस-बेचाळीस अंशाचं ऊन, हवा कमी, आणि वर वजन, असे महिने गेले तर तो कायमचा बसतो.

---

डोंगरकडा
२० मार्च, सकाळी ११:३०

मग ट्रॉली दर महिन्याला थोडी पुढे-मागे केली तर? उचलायची भानगड नको. चाकाखालची जागा बदलली म्हणजे झालं की.

---

पंक्चरविरहित
२० मार्च, दुपारी १२:१५

होतं की. उचलणं जमत नसेल तर तेच करायचं. टायरवर खडूने खूण करा, खालची बाजू कुठली ते, आणि दर महिन्याला पाव फेरा पुढे. म्हणजे चार महिन्यांत चारी बाजूंना पाळी येते. नुसती ढकलण्यापेक्षा ट्रॅक्टर जोडून वस्तीपासून सडकेपर्यंत चक्कर मारली तर उत्तम, म्हणजे काका म्हणाले तसं मेणपण वर येईल.

पण खरं सांगू? जून-जुलैत चिखलात ट्रॅक्टर जोडून ट्रॉली कोणी हलवत नाही. मार्चमधे सगळे म्हणतात हलवू, मग पेरणी येते. म्हणून एकदाच उचलून ठेवलेली बरी असं माझं मत.

---

कोकणकडी
२० मार्च, दुपारी २:४४

आम्ही रत्नागिरीकडे. ट्रॉली चिऱ्यांवर उचलून ठेवली होती, जांभ्याचे दोन चिरे एकावर एक. जुलैत चिरा भिजून दुभंगला आणि ट्रॉली एका बाजूला बसली. खाली शेजाऱ्यांची गाय सावलीला बसायची, त्या दिवशी सुदैवाने नव्हती. चिरा, वीट, सिमेंटचे पोकळ ठोकळे यावर अजिबात नको. अचानक फुटतात, आधी कळत नाही.

---

पंक्चरविरहित
२० मार्च, दुपारी ३:०५

+१. आणि जॅक लावूनही सोडू नका, ऑइल उतरून जॅक हळूहळू बसतो. जॅकने फक्त उचलायचं, वजन ठोकळ्यावर द्यायचं. बाभळीचे ओंडके किंवा रेल्वेच्या जुन्या स्लीपरचे तुकडे उत्तम. खाली मुरूम टाकून दाबायचा, वर रुंद फळी, त्यावर ओंडका आडवा, त्यावर आस. पाट्याच्या (स्प्रिंगच्या) अगदी जवळ, आसाच्या मधोमध नाही. एक बाजू उचलताना दुसऱ्या बाजूच्या चाकांना पुढून-मागून दगड लावा. आणि ट्रॉलीखाली डोकं घालायचं नाही, ओंडका काठीने सरकवायचा. पोरांना लांब ठेवा.

चाकं जमिनीपासून दोन बोटं वर असली तरी पुरे. जास्त उंच कशाला.

---

अप्पा_माळशिरस
२० मार्च, संध्या. ६:४०

आता तुम्ही बाभळीचे ओंडके म्हणालात म्हणून सांगतो. माझ्या ट्रॉल्या सगळ्या ओंडक्यावरच असायच्या. वडिलांनी बैलगाडीला लावलेली सवय, गाडी सोडली की आसाला टेकू. चाकं मोकळी. अन् वर चिंचेचं झाड, अशी गार सावली की दुपारी गडी तिथंच झोपायचे. हवा सोडायचो ती चाकं वर असताना.

---

पंक्चरविरहित
२० मार्च, संध्या. ७:०२

अप्पा!! हेच तर महत्त्वाचं आणि तुम्ही कालपासून सांगितलं नाही! चाकं अधांतरी असतील तर हवा कमी केलेली चालते, उलट बरीच. तीस वर्षं टायर का फुटले नाहीत ते आता कळलं, आसाला टेकू आणि चिंचेची सावली.

---

अप्पा_माळशिरस
२० मार्च, संध्या. ७:३०

मला वाटलं ते सगळ्यांनाच ठाऊक असतं. ट्रॉली कुणी चाकावर ठेवतं का सहा महिने?

---

भीमाकाठ
२० मार्च, संध्या. ७:४८

आम्ही सगळेच ठेवतो अप्पा. आमच्या गावात तीसेक ट्रॉल्या असतील, एक पण ओंडक्यावर नाही. आजोबांची गाडी असायची, ते मात्र मला आठवतंय. ट्रॉली आली आणि टेकू गेला.

मग उचलल्यावर हवा किती ठेवायची?

---

रबरनामा
२० मार्च, रात्री ९:१५

पूर्ण काढू नका. रिमवर टायर बसून राहील, आत पाणी-माती-किडे शिरणार नाहीत आणि ट्यूबला घडी पडणार नाही एवढी, पंधरा-वीस पीएसआय. वजन नाही, ताण नाही, म्हणजे ओझोनला पकडायला काही नाही. व्हॉल्व्हच्या टोप्या लावा. टोपी नसली की कुंभारीण माशी व्हॉल्व्हवर मातीचं घर बांधते, मग हवा भरताना ती माती आत जाऊन पिन गळायला लागते.

---

पंक्चरविरहित
२० मार्च, रात्री ९:४०

आणि ट्रॉलीच्या दांडीला पाटी बांधा, "हवा कमी आहे, जोडू नका". हसू नका कोणी. घरातला एक माणूस ट्रॉली उचलतो आणि दुसरा ऑगस्टमधे कुणाला तरी उसनी देतो. कमी हवेवर ट्रॉली ओढली की टायर रिमवर सरकतो, ट्यूबचा व्हॉल्व्ह मुळासकट उपटून येतो. अशा ट्यूबा मी पोत्याने बघितल्यात.

---

रानवारा
२१ मार्च, सकाळी ९:१२

झाकण्याबद्दल कोणीच बोललं नाही म्हणून लिहिते. आम्ही एकदा पाचट पसरलं टायरवर, वाटलं फुकटात सावली. घुशींनी त्यात पिल्लं घातली, एका टायरची कड कुरतडली, आणि एक दिवस पाचट बाजूला करायला गेले तर आत धामण. पाचटाला कुठून ठिणगी उडाली तर वेगळंच. पाचट नको म्हणजे नको.

आता आम्ही जुने फ्लेक्स वापरतो. निवडणूक, वाढदिवस, यात्रा, गावात फ्लेक्सला तोटा नाही, मागून घ्यायचे. पांढरी बाजू बाहेर, दोरीने वरून बांधायचं आणि खाली मोकळं सोडायचं म्हणजे वारा खेळतो. गच्च गुंडाळलं तर आत घाम धरतो.

आणि स्टेपनी किंवा काढून ठेवलेले टायर उघड्यावर टाकू नका गं बाई, पावसाचं पाणी साचून डेंग्यूचे डास त्यातच होतात. आशाताई दरवर्षी येऊन टायर पालथे करून जातात आणि आम्ही परत तसेच ठेवतो. आमच्या आळीत दोन पोरं ॲडमिट होती मागच्या सप्टेंबरात. टायर शेडमधे उभे ठेवा.

---

सांगलीचा_वेल्डर
२१ मार्च, सकाळी ११:०५

शेडवरून आठवलं. माझ्या वर्कशॉपमधे एक ट्रॉली दुरुस्तीला आली आणि मालक पाच महिने फिरकलाच नाही. पूर्ण सावलीत, छप्पर, फरशी, हवा फुल. तरी बाजूने चिरा. मला काही कळेना, सावलीत असून कसं?

---

रबरनामा
२१ मार्च, सकाळी ११:५०

वेल्डिंगच्या आर्कमुळे ओझोन तयार होतो, आणि तिचा प्रकाशही अतिनील असतो. ठिणग्या उडणाऱ्या मोटारींमधूनही ओझोन निघतो. तुमच्या शेडमधे बाहेरच्यापेक्षा जास्त असणार. टायर, ट्यूब, पाणबुडी मोटारीचे रबरी वायसर, काहीही रबराचं वेल्डिंग मशीनजवळ साठवू नका. सुट्या ट्यूबा असतील तर शंखजिरं लावून, थोडीशी हवा ठेवून, अंधाऱ्या कोपऱ्यात.

---

बार्शीकर
२१ मार्च, दुपारी १२:३३

धागा भारी चाललाय. अवांतर, वाहतुकीची बिलं मिळाली का कुणाची? आमची जानेवारीपासूनची अडकलीत.

---

मराठवाडी_गडी
२१ मार्च, दुपारी १:१०

नाही. आणि टोळीचा हिशेब पण नाही. त्याच्यासाठी वेगळा धागा काढा राव, तो हजार प्रतिसादांचा होईल.

---

डोंगरकडा
२१ मार्च, दुपारी ४:२०

चिरा पडल्यात पण नक्षी शिल्लक आहे असे टायर चालवावेत का? माझे दोन तसे आहेत. रिमोल्ड करून घेऊ म्हणतो.

---

पंक्चरविरहित
२१ मार्च, संध्या. ५:०५

केसासारख्या वरवरच्या चिरा असतील तर हलक्या कामाला चालतील, लक्ष ठेवून. पण अंगठ्याने दाबून बाजू वाकवली आणि चिरेच्या आत धागा दिसला, किंवा कडेला रिमजवळ गोल चीर फिरलेली दिसली, तर तो टायर उसाला लावायचा नाही. रिमोल्डवाला पण तो घेणार नाही, घेतला तर तुम्ही देऊ नका. रिमोल्ड फक्त तळ नवीन करतो, बाजू जुनीच.

टायरच्या बाजूवर चार आकडे शोधा. ३२२१ असेल तर २०२१ सालचा बत्तिसावा आठवडा. नवीन घेतानाही बघा. गोडाउनमधे पडून राहिलेला टायर नक्षीने कोरा असतो पण वयाने नाही.

---

भीमाकाठ
२ एप्रिल, रात्री ८:५५

केलं. सगळ्यांच्या सांगण्याप्रमाणे.

अप्पांचं गाव आमच्यापासून फार लांब नाही हे बोलण्यातून कळलं, तर त्यांनी आठ ओंडके दिले, बाभळीचे, चाळीस वर्षांपूर्वीचे, अजून दगडासारखे. दोन दिवस लागले. धुताना नक्षीत अडकलेले खडे स्क्रू ड्रायव्हरने काढले, एका टायरमधून तीस-पस्तीस निघाले, एक तर इतका आत गेलेला की काढल्यावर खाली धागा दिसला. रिम घासून लाल रंग मारला. चाकं दोन बोटं वर, हवा वीसवर, टोप्या लावल्या, फ्लेक्स बांधले. पाटी मुलीने लिहिली, "ट्रॉली झोपली आहे, उठवू नये".

आकडे बघितले तर सात टायर ठीक आहेत, एक मात्र २०१६ चा निघाला, जो मी तीन वर्षांपूर्वी नवीन म्हणून घेतला होता. बिल शोधून दुकानदाराकडे गेलो, त्याने हात वर केले.

---

रानवारा
२ एप्रिल, रात्री ९:१५

पाटी लई गोड 🙂 लेकीला शाबासकी.

---

कोकणकडी
१४ जुलै, सकाळी १०:२२

धागा वर काढतोय. पाऊस धो धो आहे. ज्यांनी ट्रॉल्या उचलल्यात त्यांनी ओंडके खचले का ते एकदा जाऊन बघा.

---

भीमाकाठ
१४ जुलै, दुपारी १:३०

आठवण केलीत बरं झालं. मागच्या ट्रॉलीचा एक ओंडका दोन बोटं खचलाय, चाक जमिनीला टेकलं होतं. तिथे मुरूम कमी पडला होता माझ्याकडून. जॅक लावून परत उचलला, खाली फळी मोठी टाकली. बाकी सात पक्के.

---

भीमाकाठ
६ नोव्हेंबर, रात्री ९:२०

काल ट्रॉल्या खाली उतरवल्या. फ्लेक्स काढला तर टायर मार्चमधे होते तसेच, थोडे तपकिरी, ते मी घासले नाहीत. हवा फुल केली, रात्रभर ठेवली, सकाळी गेज लावलं, एकही उतरला नव्हता. हबमधे ग्रीस भरलं. रिकाम्या ट्रॉल्या घेऊन सडकेला पाच किलोमीटर जाऊन आलो, धडधड नाही काही नाही.

तो २०१६ चा टायर मात्र बदलला. तोही ओंडक्यावरच होता, सावलीतच होता, पण बाजूच्या चिरा अंगठ्याने उघडत होत्या. नवीन घेताना आकडे बघून घेतला, दुकानदाराने तोंड वाकडं केलं तरी.

गावातले तिघे जण येऊन बघून गेले, पुढच्या वर्षी ते पण उचलणार म्हणतात. उद्या पहाटे पहिली खेप आहे. अप्पा, ओंडके कधी आणून देऊ?

---

अप्पा_माळशिरस
७ नोव्हेंबर, सकाळी ५:५०

राहू दे तिकडंच. मार्चमधी लागत्यातच की.